थांबण्याचा रकाना

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (खरा घालायचा तर जमिनीवर जागा हवी, आणि आमच्या जमिनीवर सध्या सतरा खोकी आहेत, तेव्हा उभ्याउभ्या घातलेलाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात 'बरा आहे' एवढंच लिहिलं होतंत, म्हणजे बरा नसणार. जिना उतरताना कठड्याला धरता, की अजून दोन्ही हातांत पुस्तकांचा गठ्ठा घेऊन हनुवटीने तोल सांभाळता? निवृत्त झालेल्या माणसाने इतकी पुस्तकं बांधू नयेत असं हिचं म्हणणं आहे. ही परिचारिका असल्यामुळे तिला सगळ्या जगाने पडून राहावं असं वाटतं. आमच्याकडे सर्व खुशाल. 'खुशाल' हे मी हाताच्या सवयीने लिहिलं. खरी हकीकत खाली येतेच आहे. चष्मा लावा, डिंकाच्या भांड्यावर झाकण ठेवा आणि बसून वाचा, कारण ती लांबणार आहे.

माझी बदली झाली हे तुम्हाला कळवलंच होतं. मोजणीदाराची बदली म्हणजे काय, तर इकडच्या शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन झाल्या, आता तिकडच्या शेजाऱ्यांच्या खायच्या. मधली भिंत कोणाच्या जागेत आहे हे मी गेली सतरा वर्षं लोकांना सांगत आलो आहे, आणि अजून एकाही माणसाने मला 'वा, बरं झालं सांगितलंत' असं म्हटलेलं नाही. तर नव्या गावी खात्याने आम्हाला विश्रामगृहातली एक खोली पंचेचाळीस दिवसांसाठी दिली. एक खोली, चार माणसं, सतरा खोकी. पंचेचाळीस दिवसांत घर शोधायचं आणि दोन्ही मुलींना शाळेत घालायचं. आजवर आम्ही आधी घर बघायचो आणि मग जवळची शाळा. या वेळी हिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आधी शाळा आणि मग तिच्या आसपास मिळेल ते घर, मग ते कोंबड्यांच्या खुराड्यात का असेना. मी मान हलवली. (मी मान हलवतो तेव्हा ती ठरावावर सही धरली जाते.)

हिने असं का ठरवलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण आम्ही ते घरात मोठ्याने कधी बोलत नाही. आपल्या बाईसाहेब (हे नाव तुम्हीच ठेवलेलं, आता तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं आहे) नऊ वर्षांच्या झाल्या. बोलताना अडखळणं तसंच आहे. ते वाढलं असतं तरी एक वेळ मी इतका घाबरलो नसतो. ते कमी झालं, आणि त्याने माझी झोप उडाली. कारण ती बोलायचीच कमी झाली. जुन्या शाळेतल्या तिच्या बाई स्वभावाने फार चांगल्या. तिला त्रास नको म्हणून त्यांनी तिला प्रश्न विचारणंच सोडून दिलं. आणि कोणी विचारलंच तर बाईसाहेबांनी एक युक्ती शोधून काढली. 'माहीत नाही' हे दोन शब्द तिच्या तोंडून न अडखळता घरंगळत बाहेर येतात. त्यामुळे साताआठे छप्पन्न हे पक्कं ठाऊक असूनही ती 'माहीत नाही' म्हणते, कारण 'छप्पन्न'मधला छ वाटेत आडवा पडतो. वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'अभ्यासात लक्ष नाही.' मामा, ज्या पोरीला पाढे उलटे येतात तिच्या पुस्तकात हा शेरा. ते पुस्तक मी खोक्याच्या तळाशी घातलं आहे. वर तिच्या धाकट्या बहिणीचं आहे, त्यात 'वर्गात फार बोलते' असं लाल शाईने तीनदा लिहिलं आहे. धाकटीला आम्ही आता रेडिओ म्हणतो. ती पाच वर्षांची आहे आणि ताईचीही सगळी उत्तरं तीच देते, तिला काही ठाऊक असो वा नसो.

तर मी कामाला लागलो. माणूस शेवटी आपल्याला जे येतं तेच करतो. मी एक वही आखली. उभे रकाने: कचेरीपासून अंतर, जिन्याच्या पायऱ्या, वर्गात खिडक्या किती, किती मुलांमागे एक नळ, मैदानाचं क्षेत्रफळ (पावलांनी), आडव्या ओळींत शाळा. पहिल्या शाळेत गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी बाईसाहेबांना नाव विचारलं. तिने सुरुवात केली, पहिल्या अक्षरावर थांबली, आणि तेवढ्यात त्यांनी अर्जात बघून नाव स्वतःच वाचून टाकलं आणि 'छान छान' म्हणाले. छान काय होतं? नाव तर त्यांनीच वाचलं. परत येताना मी वहीत आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: थांबणे (सेकंद). दुसऱ्या दिवसापासून मी हिचं घड्याळ खिशात घालून जाऊ लागलो. ते तिचं नाडी मोजायचं घड्याळ आहे, सेकंदकाटा लांबून दिसतो. हिला सांगितलं की माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला आहे. (पट्टा मीच तोडला. संशोधनासाठी माणसं याहून वाईट गोष्टी करतात.)

पुढच्या चार शाळांत मिळून काय निघालं ते थोडक्यात सांगतो. एका ठिकाणी तीन सेकंद. एका ठिकाणी चार, पण ते चारही सेकंद समोरचे गृहस्थ मान इतक्या जोरात हलवत होते की बाईसाहेब नाव सांगायचं विसरून त्यांच्या मानेकडे बघत बसल्या. तिसऱ्या शाळेत आकडा घेताच आला नाही, कारण रेडिओने ताईचं नाव, वय, आवडता रंग आणि मी तोडलेल्या पट्ट्याची हकीकत एका दमात सांगून टाकली. चौथ्या शाळेत अशा मुलांसाठी खास योजना होती. खास योजनेच्या बाईंनी दोन पानी अर्ज काढला, आणि बाईसाहेब शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना तिच्याविषयीचे सगळे प्रश्न मला विचारले. खुर्ची मात्र चांगली होती.

मग राहिली ती मोठी शाळा. इथे मोठी शाळा म्हटलं की रिक्षावालाही आपोआप सरळ बसतो. आमचे साहेब तर म्हणाले की तिथे प्रवेश मिळाला तर मुलींच्या पुढच्या तीस वर्षांची काळजी मिटली. शाळेचा नियम असा की पायी चालत एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी प्रवेश. घर दाखवणाऱ्या एजंटाने तिच्या आसपासची नऊ घरं दाखवली. त्याची घर दाखवायची पद्धत निराळी आहे. मोरी कुठे, पाणी किती वेळ येतं, यावर तो अवाक्षर काढत नाही. खिडकी उघडतो आणि 'ऐका' म्हणतो. शाळेची घंटा ऐकू आली की घर चांगलं. नवव्या घराच्या स्वयंपाकघराला दारच नव्हतं, पण घंटा इतकी स्वच्छ ऐकू येत होती की आम्ही त्या घराच्या मालकीणबाईंना शब्द देऊन टाकला. मी आमचं खात्याचं चाक आणून अंतर मोजलं. चाक तुम्ही पाहिलं आहे. दांडा धरून ढकलत न्यायचं, आकडा आपोआप फिरतो. घराच्या उंबरठ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत नऊशे चाळीस मीटर. मी आठ वेळा मोजलं. सतरा वर्षांत मी इतकी निर्मळ मोजणी केली नव्हती.

शाळेतल्या कारकुनाने माझा आकडा वाचला, खणातून शिवणाचा दोरा काढला, भिंतीवरच्या नकाशावर ठेवला, वळणावळणाला टाचण्या मारल्या आणि म्हणाला, अकराशे वीस. मामा, माझं रक्त उसळलं. खात्याच्या मोजणीदाराला हा माणूस दोऱ्याने मोजून दाखवतो! मी म्हटलं, चला माझ्याबरोबर. आणि तो बिचारा खरंच उठला. भर दुपारी आम्ही दोघं निघालो, मी चाक ढकलतो आहे, तो मागून दोरा गुंडाळत येतो आहे. पहिली गल्ली झाली, दुसरी झाली, आणि मग मी नेहमीप्रमाणे डावीकडे वळून सोफे बनवणाऱ्याच्या कारखान्यात शिरलो. समोरून आत जायचं, कापूस भरलेल्या गाद्यांच्या मधून चाक न्यायचं, मागच्या दाराने बाहेर पडायचं. कारागिराला माझी सवय झाली होती, त्याने न बघताच पाय वर घेतला. कारकून मात्र उंबरठ्यावर उभा राहिला आणि त्याने शांतपणे विचारलं, हा रस्ता आहे का? आता रस्ता म्हणजे जिथून कोणालाही कधीही जाता येतं ती जागा, ही व्याख्या मी सतरा वर्षं लोकांच्या तोंडावर फेकत आलो आहे. गादीवर कोपर टेकून मी ती स्वतःच्या तोंडाने त्याला सांगितली. चाकाचं काही चुकलं नव्हतं. मला ती शाळा इतकी हवी होती की वाटेत सोफे आहेत हे मला आठ वेळा दिसलंच नाही.

कारकून भला माणूस निघाला. तो हसला नाही, उलट म्हणाला की थोड्या जागा मुख्याध्यापिकांच्या मर्जीच्या असतात, भेटून बघा. भेटलो. सुरेख खोली, भिंतभर ढाली, बाई अगदी मायाळू. त्यांनी बाईसाहेबांना जवळ घेतलं, नाव विचारलं, आणि दोन सेकंदांत म्हणाल्या, 'असू दे हं, घाबरू नकोस, आम्हाला माहीत आहे.' मग रेडिओशी गप्पा मारल्या, ही मोठ्या रुग्णालयात लागते आहे हे कळल्यावर तिच्याशी मारल्या, आणि दोघींनाही प्रवेश देऊन टाकला. मी वही उघडली. सगळे रकाने भरघोस. खिडक्या अठ्ठावीस, नळ दर बारा मुलांमागे एक, हवामान बघायला गच्चीवर काचेची खोली. फक्त शेवटच्या रकान्यात दोन. तो दोन मी पेन्सिलीने लिहिला, आणि बारीक. बाकीचं सगळं शाईने होतं. साहेबांनी कचेरीत माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, आणि मी स्वतःची समजूत घातली की एका रकान्यासाठी अख्खी शाळा सोडणारा माणूस मूर्ख म्हणायचा.

आता मोठ्या शाळेत जाणाऱ्या मुलीला अभ्यासाचं टेबल हवं. सोफेवाल्याने (आता आमची ओळख झाली होती) एका लाकडाच्या वखारीचा पत्ता दिला. ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, अरुंद गल्लीत. वखारीत पोचतो न पोचतो तोच रेडिओला घाईची लागली. घाईची म्हणजे तुम्हाला कल्पना आहे. ती सर्वांना सांगत सुटते. वखारवाल्याने गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे एक बसकी, पिवळट, एकमजली शाळा होती. वहीत तिचं नाव नव्हतं, एजंटाने कधी काढलं नव्हतं. ही रेडिओला घेऊन आत धावली, मी आणि बाईसाहेब अंगणात उभे राहिलो. तिथे एक बाई पालथ्या बाकावर वाकून त्याची बिजागरी बसवत होत्या. तोंडात दोन स्क्रू धरले होते, त्यामुळे त्यांनी भुवयांनीच 'काय हवंय' विचारलं. मी काही बोलणार इतक्यात बाईसाहेबांनी बोट केलं. अंगणाच्या कोपऱ्यात पाऊस मोजायची बाटली ठेवली होती, पट्ट्या आखलेली, शेजारी मुलांची वही. बाईसाहेब बोलू लागल्या. माझा हात सवयीने खिशातल्या घड्याळाकडे गेला.

'ही बाटली झाडाखाली आहे, आकडा चुकीचा येईल.' एवढं वाक्य. मोजणीदाराची पोर आहे, तिला ते दिसणारच. एकतीस सेकंद लागले. बाईंनी त्या वेळात स्क्रू फिरवायचं थांबवलं नाही, मान हलवली नाही, हसल्या नाहीत, चेहऱ्यावर दया आणली नाही. वाक्य पुरं झाल्यावर त्यांनी तोंडातले स्क्रू काढले आणि म्हणाल्या, 'मला नाही तसं वाटत. झाड बाजूला आहे.' मामा, माझ्या पोरीशी आजवर कोणी वाद घातलेला नाही! सगळे तिचं पहिलं अक्षर ऐकूनच तिच्या बाजूचे होतात. बाईसाहेबांचे कान लाल झाले. तिने कंबरेवर हात ठेवले आणि पानांवरून नंतर किती वेळ पाणी ठिबकत राहतं, वारा आला की कुठे ठिबकतं, हे सगळं सांगितलं. त्याचा आकडा माझ्याकडे नाही, कारण मी घड्याळाकडे बघायचं विसरलो. बाई उठल्या, झाडाखाली जाऊन वर बघितलं, हात पुसले आणि म्हणाल्या, 'हलवायला हवी. तू खालून धर.' दोघींनी ती बाटली उचलून अंगणाच्या मधोमध नेली. आम्ही टेबलाचं माप न देताच परत आलो.

त्या संध्याकाळी विश्रामगृहात बाईसाहेब माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, 'बाबा, ती बाटली...' आणि थांबली. मी लगेच म्हटलं, हो ग, आपल्या मोठ्या शाळेत तर गच्चीवर काचेची अख्खी खोली आहे, तिथे तुला मोजता येईल, हो ना? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'माहीत नाही.' आणि खोक्यांच्या मागे जाऊन बसली. 'माहीत नाही' हे शब्द तिने घरात पहिल्यांदाच वापरले. आजवर ते फक्त शाळेसाठी होते.

हिने माझ्या पिशवीतून वही काढली (ती तिला कधीची ठाऊक होती, घड्याळाचंही ठाऊक होतं, परिचारिकेपासून पट्टा लपत नाही), शाळांच्या खाली एक रेघ ओढली आणि लिहिलं: आई, अडीच. रेडिओ, शून्य. बाबा, दीड. शाईने. मी हरकत घेतली. म्हटलं, एका मोजणीवर निष्कर्ष काढता येत नाही, निदान तीन हव्यात. ती म्हणाली, तीनच घेतल्या आहेत, तीन दिवसांच्या, घड्याळ तुझ्याकडे होतं म्हणून स्वतःच्या नाडीवर. मामा, सगळ्या गावात सर्वांत कमी थांबणारा मोठा माणूस मीच निघालो. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही माझ्याहून अर्धा सेकंद बऱ्या. मी इतके दिवस खिशात घड्याळ घालून लोकांची दारं ठोठावत हिंडलो, आणि ज्याला मोजायला हवं होतं तो चाक ढकलत होता.

दुसऱ्या दिवशी घड्याळ हिला परत दिलं, रजा टाकली आणि बाईसाहेबांना घेऊन त्या वखारीच्या गल्लीत गेलो. शाळेसमोरच्या पायरीवर दोघं बसलो. मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. तुम्हाला खोटं वाटेल पण मी जीभ दातांखाली धरून बसलो होतो. पुष्कळ वेळ ती काहीच बोलली नाही. मग बोलू लागली. मध्येच वखारीतली करवत सुरू झाली, ती थांबली, करवत थांबली, ती पुन्हा सुरू झाली. शेवटी वाक्य पुरं झालं ते असं: 'बाबा, मला मोठ्या शाळेत नाही जायचं, कारण तिथे सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात.' किती वेळ लागला ते मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की हे वाक्य मी काही केल्या पूर्ण करू शकलो नसतो. मी हजार वेळा प्रयत्न केला असता तरी ते माझ्या तोंडून असं निघालं नसतं. मला रडू आलं. (करवतीचा भुसा डोळ्यांत गेला असं मी तिला सांगितलं, आणि ती म्हणाली, 'माहीत नाही.' या वेळी हसत.)

त्या गल्लीची एक गंमत सांगायलाच हवी. करवत दिवसातून पन्नास वेळा तरी सुरू होते, कधी होईल याचा नेम नाही. त्यामुळे गल्लीतला प्रत्येक माणूस बोलता बोलता मध्येच गप्प होतो, करवत थांबेपर्यंत उभा राहतो आणि मग जिथे वाक्य सोडलं तिथून पुन्हा धरतो. न्हावी कात्री वर धरून थांबतो, भाजीवाली तराजू हातात घेऊन थांबते. कोणी कोणाचं वाक्य पुरं करत नाही, कारण कोणाला ऐकूच येत नाही. बाईसाहेब पहिल्या तासाभरातच तिथे कोणाच्याही लक्षात न येता बोलू लागल्या, कारण तिथे सगळेच तसे बोलतात. त्या बाईंच्या थांबण्याचं गुपित हेच असावं. त्यांचं म्हणे अख्खं आयुष्य याच गल्लीत गेलं. एजंटाला मी इथे घर दाखव म्हटलं तेव्हा त्याने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. वखारीच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. त्याने खिडकी उघडली, 'ऐका' म्हणायला तोंड उघडलं आणि करवत सुरू झाली. आम्ही घर घेतलं आणि दोघींची नावं त्या पिवळट शाळेत घातली. अंतर दोनशे बारा मीटर, वाटेत एकही सोफा नाही. दार नसलेल्या स्वयंपाकघराच्या मालकीणबाईंकडे मी स्वतः जाऊन माफी मागून आलो, आणि साहेब तेव्हापासून माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आजारी माणसाशी बोलतात तसं.

आता तुम्हाला जे लिहायचं होतं ते लिहितो. त्या रात्री वहीतला तो दीड बघताना मला तुमचा छापखाना आठवला. मी अकरा वर्षांचा होतो, आईचा निरोप घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत होतात, आणि मालक आत येऊन म्हणाले की फोरमनची जागा रिकामी होते आहे, घेणार का? तुम्ही ब्रश खाली ठेवलात आणि 'म' वर अडकलात. घरात तेव्हा तुमची वाक्यं पूर्ण करायचा मला मान होता, सगळे हसायचे, मला शाबासकी मिळायची. मालक वाट बघत माझ्याकडे वळले आणि मी ऐटीत सांगून टाकलं, 'मला नाही जमणार, असं म्हणतायत.' मालक बरं म्हणून निघून गेले. जागा दुसऱ्याला गेली. तुम्ही ब्रश उचललात. परत जाताना मला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्यात, आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मामा, मी तुमची फोरमनची जागा घालवली. हे मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे आणि पंचवीस वर्षं मी तुम्हाला दर पत्रात गुडघा कसा आहे एवढंच विचारत आलो. मला क्षमा करा. याच्यावर विनोद करता येईल का ते बघितलं, नाही आला.

घरातल्या सर्वांचे नमस्कार. जिना जपून उतरा.

तुमचा भाचा,
वखारीवरचा मोजणीदार

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. शाळा तीनला सुटते, हिची पाळी सहाला संपते आणि मी कोणाच्या तरी भिंतीपाशी शिव्या खात असतो. मुलींना आणायला कोणीतरी हवं, हे झालं वरवरचं कारण. खरं असं की आमच्या घरात थांबता येणारं एकही माणूस नाही. तुम्ही येऊन राहा. आम्हाला शिकवा. डिंक वाळायच्या आत पुस्तकाला हात लावला की तुम्ही नुसतं बघायचात, आणि हात आपोआप मागे यायचा. तसं नुसतं बघत बसलात तरी चालेल.

दुसरा ता. क. तिसरी खोली कोरडी आहे, बांधणीच्या दाबपेटीला जागा मी मोजून ठेवली आहे, आणि मामा पुढच्या आठवड्यात येतायत, त्यांना इथे फार आवडेल, असं मी वखारवाल्याला सांगून टाकलं आहे. हे वाक्य लिहीत असताना ही मागून वाचत होती, आणि तिने नाडीवर बोट ठेवलं. तरी वखारवाल्याला सांगितलेलं मी मागे घेतो. तुम्ही हवं ते उत्तर द्या, हवा तितका वेळ घ्या. पत्र बाईसाहेबांकडे चिकटवायला देतो आहे, तुम्ही शिकवल्यापासून डिंक लावायचं काम तिचंच. उघडं देतो आहे, पण ती दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली नाही.

तिसरा ता. क. मामाआजोबा, मी वाचलं. बाबांना ते फोरमनचं चुकीचं माहीत आहे. तुम्ही मला उन्हाळ्यात सगळं सांगितलं होतं, पुस्तक वाळेपर्यंत आपण बसलो होतो तेव्हा. तुम्हाला 'मला नाही जमणार' असंच म्हणायचं होतं, कारण फोरमनला दिवसभर लोकांवर ओरडावं लागतं आणि ब्रश हातात धरायला मिळत नाही. पण तुम्ही म्हणालात की ते 'नाही' माझं होतं, मला ते स्वतः म्हणायचं होतं. मी बाबांना सांगितलेलं नाही. तुम्ही येऊन सांगा. तुमचं सांगून होईपर्यंत मी त्यांच्या तोंडावर हात ठेवीन.